तिथलं ‘नको’

सुजाता गेली त्या सकाळी सगळ्यांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं. हे, म्हणजे माझे मिस्टर आणि सुजाताचे सख्खे मोठे भाऊ, गॅलरीत पाठ करून उभे होते आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. म्हणून मी एकेकाला फोन लावत गेले. काका, मामेभाऊ, पालेगावची चुलतबहीण... सगळ्यांचं एकच, “सुटली गं बिचारी.” मीही म्हणत गेले, हो, सुटली, अगदी शांत गेली, झोपेतच. शेवटी हॉलंडला लावला. तिथे मरीका म्हणून तिच्या ऑफिसातली मैत्रीण आहे, तिला कळवायलाच हवं होतं. माझं इंग्रजी म्हणजे देवाचं नाव घ्या. मी म्हटलं, “मरीका, सुजाता गॉन.” मग ती सावकाश, मला कळेल अशा बेताने बोलली, “तिला खूप दुखलं का?”

अहो, असं कुणी विचारतं का? मला आधी रागच आला. माझ्या जिभेवर तेच तयार होतं, शांत गेली म्हणून. पण त्या बाईला खोटं सांगायला जीभ रेटेना. मी म्हटलं, “येस. व्हेरी मच.” आणि मग आम्ही दोघी, एक बदलापुरात नि एक हॉलंडात, एकमेकींची भाषा धड येत नसताना हमसून हमसून रडलो. फोन ठेवताना ती थँक्यू म्हणाली. सकाळपासून मी बोललेलं तेवढंच एक खरं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. हे लिहायला बसलेय, कारण घरात मला बोलायला माणूस नाही. म्हणजे माणूस आहे, पण ते माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की जेवतात, डबा भरला की घेऊन कंपनीत जातात, आणि नजर उचलून बघत नाहीत. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर एकदाच म्हणाले, “तू तिला सांगितलं नसतंस, तर अजून राहिली असती.” त्यानंतर जे गप्प झाले ते झाले. मी काय सांगितलं आणि का सांगितलं, ते त्यांना ऐकायचं नाही. मग कुणाला तरी सांगायला नको का? छातीवर दगड घेऊन किती दिवस भाकऱ्या थापायच्या?

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही मंडळी अजून बदलापूरला आली नव्हती, अंबरनाथला चाळीत राहायची आणि सुजाता शाळेत होती. सासरे आधीच गेलेले, सासूबाई कायम आजारी, पुढे त्याही गेल्या. यांनी कॉलेज अर्धं टाकून एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत नोकरी धरली ती बहीण शिकावी म्हणून. ड्युटीवरून आले की कपड्यांना तो उग्र वास असायचा, आणि ही पोरगी नाकाला हात न लावता त्यांच्या शेजारी बसून गणितं सोडवायची. दादा म्हणेल ती पूर्व दिशा. मी उल्हासनगरची, तिथल्या कॅम्प चारमध्ये वाढलेली, फटकळ म्हणून माहेरीही बोलणी खाल्लेली. आणि ही अशी की ‘मला हे हवं’ आणि ‘मला दुखतंय’ ही दोन वाक्यं हिच्या तोंडून निघायचीच नाहीत. एकदा शेअर रिक्षातून उतरताना पडली आणि मनगट टम्म सुजवून घरी आली. “थोडंसं दुखतंय वहिनी,” म्हणाली नि पोळ्या लाटायला बसली. दुसऱ्या दिवशी प्लास्टर! हाड मोडलं होतं. तेव्हापासून तिचं ‘थोडंसं’ ऐकू आलं की मी हातातलं काम टाकून तिच्यासमोर जाऊन बसायचे. “थोडंसं म्हणजे किती, ते सांग.” मग ती डोळे खाली घालायची आणि हळूच म्हणायची, “खूप.”

‘नको’चंही तसंच. आमच्या उल्हासनगरात ‘नको’ म्हटल्याने बोलणं संपत नाही, तिथून सुरू होतं. कापडाच्या दुकानात सिंधी शेठला ‘नको’ म्हणून पायरी उतरायची, की मागून हाक येणारच, “अरे भाभी, आओ तो सही, गुस्सा क्यूं!” पाहुणा चहाला ‘नको’ म्हणाला की आपण आधण ठेवायचं. सुजाता तर दर पोळीला ‘नको’ म्हणायची आणि मी दर वेळी वाढायचे. ते ‘नको’ म्हणजे तुम्हाला त्रास नको, एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळायचं, आणि इथे सगळ्यांनाच कळतं. पुढे याच एका शब्दाने परक्या देशात पोरीचे हाल हाल केले.

ती केमिकल इंजिनीअर झाली, अंबरनाथच्याच एका कंपनीत लागली आणि तिथून तिला रॉटरडॅमजवळ नोकरी मिळाली. पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर चेहरा एवढासा. “वहिनी, इथे एकदाच विचारतात गं!” ऑफिसात कुणी कॉफी आणायला उठलं की सगळ्यांना विचारतं. ही रीतीप्रमाणे म्हणायची, नको, नको. तो माणूस बाकी सगळ्यांची कॉफी घेऊन हिच्या टेबलासमोरून निघून जायचा. आणि ही वाट बघत बसायची, दुसऱ्यांदा कधी विचारतील! मी हसता हसता तव्यावरची पोळी करपवली. दिवाळीत शंकरपाळ्यांचा डबा घेऊन न कळवता शेजारणीकडे गेली. शेजारीण दारातच म्हणाली, “आम्ही आत्ता जेवतोय,” आणि दार लावून घेतलं. हिच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तीच बाई हसत दारात हजर, “आता मला वेळ आहे, तो डबा आण ना.”

एकदा मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर एकाने तोंडावर सांगितलं, तुझं हे काम चांगलं झालेलं नाही, मला यातलं अर्धं कळलं नाही. ही बाथरूममध्ये जाऊन रडली. बाहेर आली तर तोच माणूस विचारतोय, जेवायला येतेस ना? “वहिनी, त्याने कामाला वाईट म्हटलं, मला नाही,” हे तिला उमजायला वर्ष गेलं. साहेबाने विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल का? ही म्हणाली, “बघते, प्रयत्न करते.” आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. शुक्रवारी साहेब समोर उभा. “जमणार नव्हतं तर नाही का म्हणाली नाहीस? नाही म्हणालीस तर मला पुढचं ठरवता येतं.” त्याच सुमाराला मरीकाशी मैत्री झाली, आणि मरीकाने तिला रीतसर शिकवायला घेतलं. रोज एकाला तरी ‘नाही’ म्हणायचं. दुकानात म्हण, ऑफिसात म्हण, कुठेही. पण कारण द्यायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही आणि हसायचं नाही. पोरं पाढे पाठ करतात तशी ही ‘नाही’ पाठ करायची, माझ्यासमोर म्हणून दाखवायची, आणि शेवटी हसायचीच.

पण शिकली हो! एका सुट्टीत आली तेव्हा पालेगावच्या चुलतबहिणीने टॉवरमध्ये नवा फ्लॅट घेतलेला, वास्तुशांतीला गेलो. तिने हौसेने विचारलं, “कसा वाटला गं फ्लॅट?” सुजाता म्हणाली, “किचन छान आहे. हॉल अंधारा आहे.” परत येताना यांचा चेहरा फुगलेला, आणि मी रिक्षात पदर तोंडात कोंबून हसतेय, कारण हॉल खरंच अंधारा होता. “वहिनी, तिने विचारलं म्हणून सांगितलं ना?” “अगं बाई, कौतुक कर म्हणून विचारलं होतं.” “मग तसं म्हणायचं!” घ्या. नातेवाईक म्हणाले, परदेशात जाऊन शेफारली. मला मात्र बरं वाटलं, की चला, या घरात माझ्या जोडीला अजून एक तोंडाळ झाली. पण दोन गोष्टी तिला शेवटपर्यंत जमेनात. दादाला ‘नाही’ म्हणणं, आणि स्वतःच्या दुखण्याला ‘खूप’ म्हणणं.

तिचं पोट दुखायला लागलं ते तिथे. वेळ घेऊन डॉक्टरकडे गेली. त्याने सरळ विचारलं, किती दुखतं? ही हसली, आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, थोडंसं. झालं! त्याने थोड्याशा दुखण्याची गोळी दिली, नाही थांबलं तर परत ये म्हणाला. परत गेली. परत हसली. परत ‘थोडंसं’. मग तिला परत परत जायची लाज वाटायला लागली, कशाला उगाच त्रास द्यायचा म्हणून गेलीच नाही. मला फोनवर तेच, “थोडंसं दुखतंय गं, गॅस असेल.” मी विचारलं की, थोडंसं म्हणजे किती? तर म्हणे मीटिंग आहे, ठेवते. समोर असती तर मांडीला मांडी लावून बसले असते, हनुवटी धरून वर केली असती... फोनमध्ये माणसाचे डोळे खाली गेलेले कसे दिसणार?

शेवटी मरीकानेच तिला ओढत नेलं. डॉक्टरला म्हणाली, “ही थोडंसं म्हणते, पण खुर्चीत वाकून बसते. हिच्या थोड्याशावर विश्वास ठेवू नका.” तपासण्या झाल्या तोवर पोटातला कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. त्या डॉक्टरला मी किती शिव्याशाप दिलेत ते माझं मला माहीत, अजून देते. सुजाता मात्र म्हणायची, “त्याने विचारलं होतं गं वहिनी. माझंच उत्तर चुकलं.” चुकलं कसं? आमच्या घरात ते उत्तर बरोबर होतं. आमच्या घरात त्या उत्तरावर मी भांडी टाकून उठायचे.

तिथल्या मोठ्या डॉक्टरने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, हे बरं होणार नाही, औषधाने फक्त थोडा वेळ मिळेल. हे व्हिडिओवर ऐकत होते. “डॉक्टर आहे की खाटीक?” म्हणून ओरडले, आणि जाऊन तिला बदलापूरला घेऊन आले. इथले डॉक्टर निदान आशा तरी देतात, म्हणाले. तीही आली. तिलाही आशा हवी असणार, कुणाला नको असते? मुंबईच्या हॉस्पिटलात औषध सुरू झालं. गाडी करून जायचं, परत आलं की ती बादलीवर ओणवी, आणि मग कित्येक दिवस अंथरुणात. केस गेले. मरीकाने लोकरीची केशरी टोपी विणून पाठवली, ती घालून बसायची. काही फेऱ्या झाल्यावर नवा स्कॅन काढला आणि डॉक्टरांनी यांना एकट्याला आत बोलावलं. हे बाहेर आले ते हसत. “फर्स्ट क्लास रिपोर्ट! अजून थोडी ट्रीटमेंट, की एकदम ओके.”

घरी आल्यावर स्वयंपाकघरात दार लोटून मला सांगितलं. औषध लागू पडत नव्हतं. फार तर महिना-दीड महिना. अजून एक जोरदार औषध आहे, पण त्याने फारसं काही होणार नाही आणि तिला ते सोसणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. हे तेच औषध ठरवून आले होते. मी म्हटलं, “अहो, निदान तिला विचारा तरी.” तर माझा हात धरला, गच्च. “तिला कळता कामा नये. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.” ज्या माणसाने कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, तो ओट्याला धरून रडत होता.

मग नाटक सुरू झालं. जो येई तो म्हणे, चेहऱ्यावर तेज आलंय हं! पुढच्या दिवाळीला चकल्या तूच करायच्या. आणि तिचे डोळे एकेकाच्या तोंडावरून फिरत. ज्या पोरीने एवढ्या वर्षांत महामुश्किलीने शिकून घेतलं होतं की माणूस बोलतो तेच त्याच्या मनात असतं, तिला आम्ही परत आमच्या कोड्यात आणून टाकलं होतं. एकदा मला म्हणाली, “तिथला डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायचा वहिनी. इथे सगळे दादाकडे बघून बोलतात. मी आधीच मेलेय का?” मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि नळ सोडून उभी राहिले.

त्या नव्या औषधासाठी जायचा दिवस जवळ आला. हे पहिल्या पाळीला गेलेले. दुपारी समोरच्या बिल्डिंगच्या कामाची ठोकाठोक चाललेली, आणि मी तिला पेज भरवत होते. तिने माझं मनगट धरलं. “वहिनी, एकदाच विचारते. परत विचारणार नाही. रिपोर्ट काय आहे?” मी म्हटलं, “तुझा दादा सांगेल ना...” “दादाला नाही विचारत. दादाला विचारलं तर तो चांगलंच सांगणार. तुला विचारतेय. उद्या परत ते अंगात घालून घ्यायचं की नाही, हे मला ठरवायचंय.” एकदाच विचारते, म्हणाली. मी ‘बघू’ म्हणाले असते, हसले असते, तर ती गप्प बसली असती, आणि कायमची बसली असती. मला यांचा गळा दिसत होता, शपथ दिसत होती. आणि मी सांगितलं. “औषध लागू पडत नाहीये सुजाता. महिना, दीड महिना. नवीन औषधाने काही होणार नाही.”

तुम्हाला वाटेल ती शांतपणे हो म्हणाली असेल. छे! पेजेचा वाडगा भिंतीवर फेकला. “का सांगितलंस? का सांगितलंस मला?” म्हणून माझ्याच छातीवर गुद्दे मारायला लागली. त्या काडीसारख्या हातांत कुठला जोर... मी मारून घेतलं. मग माझ्याच मांडीवर डोकं घालून ओरडून ओरडून रडली, आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी भिंत पुसली. पुसताना वाटत होतं, हे काय करून बसले मी.

हे आले. फाइल पिशवीत भरली, सकाळची गाडी सांगून झाली होती. ती म्हणाली, “दादा, नको.” “नको काय, थोडं सोसायचं.” “दादा, नको.” “अगं होईल सगळं नीट, मी आहे ना!” त्यांचं तरी काय चुकलं? तिचं प्रत्येक ‘नको’ जन्मभर त्यांनी असंच परतवलं होतं, पोळी वाढली होती, फी भरली होती, नवा ड्रेस हातात ठेवला होता. तेव्हा ती दोन्ही हात गादीवर टेकून उठून बसली. “दादा, हे इथलं ‘नको’ नाही. हे तिथलं ‘नको’ आहे.” कारण दिलं नाही, सॉरी म्हणाली नाही, हसली नाही. यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. पिशवीतून फाइल काढून कपाटावर ठेवली. गाडीवाल्याला फोन करायला गॅलरीत गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

त्यानंतरचे दिवस बरे गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. काही क्षण गेले. तिने पलंग खिडकीशी ओढून घेतला, सुकटीची चटणी करायला लावली आणि खाता येत नाही तर नुसता वास घेतला. मरीकाशी रोज बोलायची. पण दुखणं वाढत गेलं, आणि आता ती ते सांगायला शिकली होती. “खूप दुखतंय वहिनी. खूप. खूप.” आमच्या इथले डॉक्टर येऊन इंजेक्शन द्यायचे, तेवढ्यापुरतं थांबायचं. ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं तिच्याशी भांडले, तो शब्द रात्रंदिवस ऐकायला आला, आणि मी देवासमोर हात जोडून म्हणत होते, बाबा रे, हिला परत ‘थोडंसं’ म्हणू दे. त्याने काही ऐकलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेला महिनासुद्धा पुरा झाला नाही.

अजून राहिली असती, असं हे म्हणतात. राहिली असती का? बादलीवर ओणवी होऊन, सगळ्यांची तोंडं वाचत? की आशेने खरंच चार दिवस जास्त मिळाले असते? मला माहीत नाही. ज्या पोरीने उत्तर द्यायचं तीच नाही, आणि मी येता-जाता, भाजी चिरताना, दोरीवर कपडे टाकताना तिला विचारत असते. मी बरोबर केलं का गं? कुणीतरी मला सरळ सांगा हो. तोंडावर सांगा. मी सोसेन.

परवा संध्याकाळी हे कंपनीतून आले ते थेट तिच्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी चहा घेऊन गेले. खिडकीशी तिच्या पलंगावर बसले होते. हातात ती केशरी टोपी, आणि तिच्या लोकरीतून बोटं फिरवत होते. मी कप ठेवला. सवयीने विचारलं, उत्तराची अपेक्षा नव्हती, “काही होतंय का तुम्हाला?”

“काही नाही,” ते म्हणाले. मग टोपीकडेच बघत, “थोडंसं...”

मी त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसले. वर बघून म्हटलं, “थोडंसं म्हणजे किती, ते सांगा.”

त्यांनी डोळे खाली घातले, अगदी तिच्यासारखे, आणि हळूच म्हणाले, “खूप.”